काडतुसाचा हिशेब

ट्रॅप नेमबाजीच्या एका फेरीत पंचवीस तबकड्या उडतात. प्रत्येक तबकडीवर दोन बार काढायची मुभा असते, त्यामुळे हात बिघडलेला असला की एका फेरीत पन्नास काडतुसं संपतात. एका काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पन्नास काडतुसांचं शिसं होतं १,२०० ग्रॅम. ऑलिंपिकची पात्रता फेरी १२५ तबकड्यांची, म्हणजे वाईटात वाईट दिवशी सहा किलो शिसं नळीतून बाहेर पडून रानात विखुरणार. ते विकत आणलेलं असतं. त्याच्यामागची दारू, केप, प्लॅस्टिकची पुंगळी, पितळेचं बूड, कारखानदाराचा नफा, दुकानदाराचा नफा, वाहतूक आणि कर हे सगळंही विकत आणलेलं असतं. या खेळात बंदूक एकदाच महाग पडते, काडतूस मात्र दर रविवारी पडतं.

रायपूरमध्ये बारा बोअरच्या बंदुकीशी ज्यांचा संबंध येतो त्यांची मोजणी फार मोठी नाही. बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेला रखवालदार, आजोबांचा परवाना वारशाने चालवणारी जुनी मालगुजार घराणी, शेताच्या राखणीसाठी बंदूक ठेवणारा शेतकरी, आणि खेळ म्हणून तबकड्या फोडणारे मूठभर लोक. यांतला प्रत्येक जण गेल्या काही वर्षांत दुकानातून बाहेर पडताना कपाळाला आठ्या घालूनच पडतो. खेळणाऱ्यांच्या आठ्या सर्वांत खोल, कारण रखवालदाराचं काडतूस पट्ट्यात वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि खेळणाऱ्याचं दुपारपर्यंत संपतं. या मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेत म्हणे लोक रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात, निम्म्या पैशांत काम होतं. मग आपण का भरू नये? हे पुस्तक लिहायला घेतलं ते या प्रश्नामुळे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: परवान्याशिवाय तो गंभीर गुन्हा आहे. पण एवढ्यावर थांबलं तर प्रश्नातला मजकूरच वाया जातो. काडतूस घरी भरण्यात तांत्रिकदृष्ट्या फारसं अवघड काही कधीच नव्हतं. दारू कुणाच्या हाती द्यायची, हा इथला खरा वाद आहे आणि तो जुना आहे. काडतुसाची किंमत त्या वादातून वेगळी काढता येत नाही.

आधी वस्तू नीट पाहू. रेंजवर नुकतीच पडलेली पुंगळी उचलली तर ती अजून कोमट असते. बूड पितळेचं किंवा पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं, मधोमध केप, आणि केपेवर टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. तो खळगा अगदी मध्यावर असेल तर बंदूक ठीक आहे; एका बाजूला सरकलेला असेल तर बंदूक कारागिराला दाखवावी. वरचं अंग रंगीत प्लॅस्टिकचं. तोंडाशी सहा किंवा आठ घड्या असतात. भरलेल्या काडतुसात त्या आत दुमडून तोंड बंद करतात, बार झाला की पाकळ्यांसारख्या उघडतात आणि कडा काळ्या पडतात. आतली रचना सरळ आहे. खाली दारू, तिच्यावर प्लॅस्टिकचा पेला, पेल्यात छरे. ट्रॅपच्या काडतुसात अडीच मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक असे सुमारे तीनशे छरे मावतात. एवढ्या सामानातून एकच जिन्नस पुन्हा वापरता येतो, तो म्हणजे ही पुंगळी. बाकी सगळं एकदाच. घरी भरून किती वाचतं याचा अंदाज बांधताना लोक नेमकं हेच विसरतात.

काडतूस घरी भरणं ही अमेरिकेतली नवी टूम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायची बंदूक रूढ झाली, तेव्हा काडतूस शिकाऱ्यानेच, नाहीतर त्याच्या नोकराने, भरायचं असंच गृहीत होतं. ईलीसारख्या विलायती कंपन्या केप बसवलेल्या रिकाम्या पुंगळ्या विकत; दारू आणि छरे वेगळे. भरणीची हत्यारं शेफील्डहून येत. मध्य प्रांतात वनखात्याचे, महसुलाचे, पोलिसांचे साहेब दौऱ्यावर निघत तेव्हा तंबूच्या सामानात या हत्यारांची पेटी असे. याच प्रांताच्या जंगलांवर पुस्तक लिहिणारे कॅप्टन जेम्स फोर्सिथ इथे वनखात्यात होते. त्यांचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. दारूगोळ्याचं गणित तेव्हा साहेबाला स्वतःला येणं भाग होतं, कारण जवळचं दुकान आठवड्याच्या वाटेवर असे.

छत्तीसगडातल्या एका जुन्या मराठी मालगुजाराच्या वाड्यात अशी पेटी मला पाहायला मिळाली. सागवानी, आतून हिरवी बनात, तीही कसरीने खाल्लेली. एका कप्प्यात दारू मोजायचं पितळी माप, त्याच्या दांडीवर कोरलेल्या रेघा. एक लाकडी ठोकणी, बोटांच्या घामाने काळी झालेली. आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं एक छोटं यंत्र, बाजूला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की कागदी पुंगळीचं तोंड आत वळून बंद होई. कागदी काडतुसाचं पावसाळ्यात मातेरं व्हायचं. ओल धरली की ते फुगे आणि चेंबरमध्ये शिरेच ना. म्हणून त्या पेटीत दोन डझन पितळी पुंगळ्याही होत्या. पितळेला पावसाचं भय नाही, आणि एकच पुंगळी कितीतरी वेळा चालते. घरच्या मंडळींना त्या यंत्राचा उपयोग ठाऊक नव्हता. कुणीतरी त्याला शेवयांचा साचा म्हणालं, आणि आकार पाहता ते अगदीच गैर नव्हतं.

पुढे कारखान्यात भरलेलं काडतूस स्वस्त झालं, भरवशाचं झालं, आणि १९६० मध्ये रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीने प्लॅस्टिकची पुंगळी आणल्यावर ओलीचा प्रश्नही मिटला. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. पुण्याच्या वाचकाला खडकी म्हटलं की रेल्वे स्टेशन आणि छावणी आठवते. रायपूरच्या बंदूकवाल्याला ‘शक्तिमान’ आठवतं. बारा बोअरचं हे काडतूस तिथलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीत गेली. तिचंही मुख्यालय पुण्यातच आहे. सामान्य परवानाधारकाने आयात काडतुसाचा विचार सोडलेलाच बरा. परदेशी माल सवलतीत मागवायची सोय आहे ती नामवंत नेमबाजांसाठी. तो दर्जा राष्ट्रीय रायफल संघटनेने ठरवलेले गुण मिळवल्यावरच हाती येतो. ते गुण मिळवायला सराव लागतो आणि सरावाला काडतुसं लागतात. घोडं इथेच पेंड खातं.

आता दारू कुणाच्या हाती, या मुद्द्याकडे वळू. रायपूरपुरतं बोलायचं तर त्याची सुरुवात भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यानंतर लगेच होते. १८५४ मध्ये नागपूरबरोबर छत्तीसगड इंग्रजांकडे गेलं. १० डिसेंबर १८५७ ला सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपुरात फाशी दिलं. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी, इथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं आणि पलटणीत उठाव झाला. हनुमानसिंहाचं काम काय होतं? तो मॅगझिन लष्कर होता, दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस. २२ जानेवारीला त्याच्या सतरा साथीदारांना फाशी झाली. तो स्वतः हाती लागला नाही. १८५७ चा भडका काडतुसावरून उडाला हे शाळेतलं पोरही सांगतं. रायपूरच्या उठावाचं सूत्र कोठारावरच्या माणसाच्या हातात होतं, हे मात्र रायपूरच्याही फार जणांना आठवत नाही.

सरकारने घेतलेला धडा १८७८ च्या शस्त्र कायद्यात दिसतो. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या त्या कायद्याने हिंदी माणसाला हत्यार आणि दारूगोळा बाळगायला परवाना लागू लागला, युरोपीयांना सूट. वर सांगितलेली सागवानी पेटी साहेबाच्या तंबूत विनापरवाना असे, मालगुजाराच्या वाड्यात परवान्याने येई, आणि बाकीच्यांच्या वाट्याला येतच नसे. संस्थानिकांचं निराळं. त्यांना काडतुसाचा भाव विचारायची वेळच येत नसे, आणि त्याचे परिणामही या मातीत दिसतात. भारतातले शेवटचे म्हणून ओळखले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी मारले. ते कोरिया आजच्या छत्तीसगडात आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वंशावर बेतलेला भेद त्यात अर्थातच नाही, पण दारूगोळ्याबद्दलची धास्ती तशीच आहे. मला विचाराल तर ती सगळीच अनाठायी नाही. कायद्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. तिच्यात तयार काडतूस येतं, काडतुसाचे सुटे भाग येतात, आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे अमेरिकेत दुकानात सहज मिळणारं भरणीचं यंत्र आपल्याकडे कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा आहे. कलम ५ प्रमाणे निर्मितीला वेगळा परवाना लागतो. आपल्या घरातला बंदुकीचा परवाना बाळगण्याचा आणि वापरण्याचा. त्यात बनवण्याचा हक्क नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना निर्मितीची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी केली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. खर्च वाचवायला म्हणून गॅरेजमध्ये चार पुंगळ्या भरणारा हौशी माणूस आणि गावठी कट्टे बनवणारा कारागीर या कलमाखाली एकाच रांगेत उभे राहतात. हे मला न्याय्य वाटत नाही. पण मला काय वाटतं याने न्यायालयात फरक पडत नाही, म्हणून हे पुस्तक काडतूस कसं भरावं ते शिकवत नाही. ज्यांनी त्या आशेने ते उचललं असेल त्यांनी इथेच खाली ठेवलं तरी राग नाही.

रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्यांबद्दलही हीच धास्ती. आपल्याकडे काही ठिकाणी नवी काडतुसं घेताना जुन्या पुंगळ्या परत दाखवायला सांगतात. अमेरिकेतल्या रेंजवर लोक वाकून वाकून आवडत्या कंपनीच्या पुंगळ्या वेचतात, कारण तो कच्चा माल आहे. इथे तो हिशेबाचा पुरावा आहे.

तरीही छत्तीसगडात घरी बार भरणारी माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल गप्प बसलं तर ही प्रस्तावना खोटी ठरेल. इथली वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला एक शब्द रोज भेटतो: भरमार. कोकणात हिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. पुढून, नळीच्या तोंडातून भरायची, काडतूस न लागणारी बंदूक. बस्तरमध्ये चकमकीनंतर पोलिस जप्त मालाची यादी देतात. तीत इन्सास असते, थ्री-नॉट-थ्री असते, बारा बोअर असते आणि शेवटी भरमार असते. वाचणाऱ्याचं लक्ष पहिल्या नावावर जातं, माझं शेवटच्या. भरमार नक्षल्यांनी आणलेली नाही. ती त्यांच्या कितीतरी आधीपासून रानातल्या माणसाकडे आहे, डुकरं हाकलायला आणि, खरं बोलायचं तर, शिकारीलाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा झाली, बंदूक बहुतेकदा विनापरवाना होतीच. ती टिकून का राहिली याची कारणं अनेक सांगता येतील, पण खर्च हे मोठं कारण आहे. काडतुसाची बंदूक घेतली की माणूस दुकानाला बांधला जातो. भरमारला दुकान लागत नाही. अपघात मात्र तिचे भयंकर होतात. फुटलेल्या नळीने बोटं गेलेली माणसं त्या भागात भेटतात.

विस्कॉन्सिनमधल्या गॅरेजात बसलेला निवृत्त शिक्षक आणि अबूझमाडच्या कडेला राहणारा शेतकरी, दोघेही दारू स्वतः मोजतात आणि दोघेही पैसे वाचवायलाच मोजतात. पहिल्याला छंद म्हणतात, दुसऱ्याला गुन्हा. रायपूरचा परवानाधारक या दोघांच्या मध्ये सापडला आहे. त्याला छंद परवडत नाही आणि गुन्हा करायचा नाही.

विस्कॉन्सिनचं नाव उगाच घेतलं नाही. त्या राज्यातल्या मेव्हिल गावी ‘मेक’ नावाची कंपनी आहे, आणि शॉटगनची काडतुसं घरी भरणाऱ्यांत तिच्या यंत्राइतकं पसरलेलं दुसरं यंत्र नसेल. माझ्या एका नातलगाच्या तळघरात ते चालताना मी पाहिलं. उभा लोखंडी सांगाडा, उजव्या हाताला लांब दांडा, माथ्यावर दोन बाटल्या, एकीत दारू आणि एकीत छरे. दांडा खाली ओढला की जुनी केप टणकन ताटलीत पडते. पुढे प्रत्येक ओढीला एक एक काम होत जातं आणि शेवटी तोंडाच्या घड्या मिटतात. छरे नळीतून खाली उतरताना सुपात मोहरी पाखडल्यासारखा आवाज येतो. नातलग बोलत नव्हता. बोलता बोलता एका पुंगळीत दारू दोनदा पडली तर बंदूक फुटते, हे तिथल्या प्रत्येक भरणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कोणती पुंगळी, कोणती केप, कोणता पेला, किती दारू याचे तक्ते दारू बनवणाऱ्या कंपन्या छापतात, आणि त्यातला एक जिन्नस बदलला तरी तक्ता रद्द. काम झाल्यावर त्याने हात साबणाने दोनदा धुतले. शिसं हातावर राहू द्यायचं नाही.

मग मी त्याला विचारलं, वाचतात किती? तो हसला. बारा बोअरच्या साध्या काडतुसांत आता जवळजवळ काहीच नाही, म्हणाला. ही गोष्ट आपल्याकडच्या गप्पांत पोचलेलीच नाही. तिथे छऱ्यांची पिशवी पंचवीस पौंडांची येते. एक औंसाचं काडतूस भरलं तर तिच्यातून चारशे निघतात, पाऊण औंसाचं भरलं तर पाचशे तेहतीस. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा शिशाचा, आणि शिसं कारखान्याला टनांनी घेताना जो भाव पडतो तो तळघरात पिशवी आणणाऱ्याला कधीच पडत नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात अमेरिकेत बंदुकांची अफाट खरेदी झाली आणि केप बाजारातून नाहीशा झाल्या. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टनने दिवाळं जाहीर केलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. तोफांच्या दारूला लागणारं नायट्रोसेल्युलोज आणि काडतुसातल्या धूररहित दारूला लागणारं नायट्रोसेल्युलोज एकच. ते सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनतं. युरोपच्या तोफांनी मागणी वाढवली तशी तळघरातली दारूची डबी महागली. कापसाच्या सरकीशी आपल्या तबकडीचा संबंध असा लांबून येतो, आणि विदर्भातल्या वाचकाला तो समजायला अवघड जाऊ नये.

घरी भरणं अजूनही पुरतं ते लहान बोअरमध्ये. अठ्ठावीस बोअर आणि चारशेदहाची तयार काडतुसं, शिसं कमी असूनही, तिथे बारा बोअरहून महाग असतात. कारण खपतात कमी. तिथे भरणारा खरोखर कमावतो. बाकी ठिकाणी यंत्र, तक्ते, तराजू, साठवणीची जागा आणि रविवारची दुपार हे सगळं धरलं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तरीही लोक भरतात. त्यांना आपल्या नळीला मानवणारं काडतूस हवं असतं, हलका धक्का हवा असतो, तुटवड्याच्या वर्षी घरात माल हवा असतो. ही कारणं मला पटतात. निम्म्या पैशांत काम होतं, हे मात्र जुन्या दिवसांचं गाणं आहे.

काडतुसाच्या भावाने आपल्याकडे एक गोष्ट ठरवून टाकली आहे, ती म्हणजे हा खेळ कुणी खेळायचा. भारताच्या शॉटगन नेमबाजांची नावं काढून पाहा. बिकानेरचे महाराज करणीसिंह, ज्यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. पतियाळाच्या राजघराण्यातले रणधीर सिंह. अथेन्सला २००४ मध्ये डबल ट्रॅपचं रौप्य जिंकणारे राज्यवर्धन राठोड, ज्यांच्यामागे लष्कर उभं होतं. आता मराठी नेमबाजांची नावं काढा: अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसळे. सगळे रायफल किंवा पिस्तुलाचे. कोल्हापूरच्या पोराला किंवा मुंबईच्या एनसीसीतल्या मुलीला एअर रायफलने सुरुवात करता येते. तिचा छर्रा स्वस्त पडतो, ठरावीक शक्तीच्या आतल्या एअरगनला परवानाही लागत नाही. शॉटगनची सुरुवातच परवान्यापासून आणि २४ ग्रॅम शिशापासून होते. मराठी माणसाला तबकडी फोडता येत नाही असं नाही. त्याला ती परवडली नाही.

आणि गंमत अशी की ज्या संघटनेच्या छायेत हा सगळा खेळ चालतो, त्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची १९५१ मध्ये स्थापना झाली तेव्हा तिचे अध्यक्ष एक मराठी वकील होते, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेत शिरायची वाट आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून जाते. रायपूरची पोरं ‘यंदा मावळंकरला जायचंय’ म्हणतात तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना मावळंकर हे गाव वाटत असावं.

मग करायचं काय? पुस्तकाचा दुसरा भाग त्याबद्दल आहे, म्हणून इथे थोडक्यात. पहिली गोष्ट, कोटा नीट समजून घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने नेमबाजांच्या वार्षिक काडतुसांची मर्यादा वाढवली. शॉटगनसाठी ती ५०० वरून ५,००० झाली. ही सवलत कुणाला लागू आणि कुणाला नाही याबद्दल दुकानात आणि कचेरीत एकाच दिवशी दोन उत्तरं मिळू शकतात, म्हणून नियमाची प्रत खिशात ठेवावी. एकाने पेटी घेण्यापेक्षा रेंजवरच्या परवानाधारकांनी मागणी एकत्र नोंदवली तर दुकानदार भावात उतरतो. खरेदी मात्र ज्याच्या त्याच्या परवान्यावर, नोंद ज्याची त्याची. काडतूस उसनं द्यायचं नाही. ते साखर नव्हे.

दुसरी गोष्ट, बार न काढता होणारा सराव. शॉटगनमध्ये नेम डोळ्याने धरायचा नसतो, बंदूक गालाला आणि खांद्याला प्रत्येक वेळी त्याच जागी यावी लागते. हे घरी, रिकाम्या बंदुकीने, दिवसाला दहा मिनिटं करता येतं. नळी उघडून दोनदा खात्री करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, मगच. नळीच्या तोंडात छोटी बारीक झोताची विजेरी बसवून भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून प्रकाशाचा ठिपका डावीकडून उजवीकडे न्यायचा. ठिपका रेघेवरून घसरला की बंदूक खांद्यावर चुकली. सुरुवातीला तो दारुड्यासारखा चालतो. महिनाभराने सरळ चालायला लागतो, आणि रेंजवर तेवढी काडतुसं वाचतात.

तिसरी, कागदावरची चाचणी. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून चार-पाच बार काढा आणि तीस इंची वर्तुळात छरे कसे पडले ते बघा. कित्येकांची बंदूक ते बघतात तिथे बारच टाकत नाही, आणि ते दोष स्वतःला देत शेकडो काडतुसं उडवतात. दस्ता थोडा तासून किंवा उंची वाढवून जे काम होतं ते पेट्यांच्या पेट्यांनी होत नाही. ट्रॅपच्या सरावात एकच नळी भरून खेळायची सवय लावली तर खर्च तिथेच आटोक्यात येतो, आणि अंतिम फेरीत तसाही एका तबकडीला एकच बार असतो. स्कीट या तबकड्यांच्या दुसऱ्या प्रकारात तर मुळातच एक तबकडी, एक काडतूस.

आजोबांची बंदूक वापरणाऱ्यांसाठी एक प्रकरण मुद्दाम लांब लिहिलं आहे. जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल तर ती लोखंड आणि पोलाद पिळून घडवलेली नळी. तशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. आजच्या दारूचा दाब सोसण्याची हमी त्यांच्यावर नसते. चेंबर ६५ मिलिमीटरचं असेल तर ७० मिलिमीटरचं काडतूस आत जातं, बंद होतं आणि सगळं ठीक वाटतं. पण बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. स्वस्त मिळालं म्हणून वेगळ्या मापाचं काडतूस घेणाऱ्यांनी एवढं एक प्रकरण तरी वाचावं. माप नळीच्या खालच्या सपाट बाजूवर कोरलेलं असतं; ते वाचायला बंदूक खोलावी लागते आणि चष्मा लावावा लागतो.

काडतुसांचे भाव या पुस्तकात कुठेही दिलेले नाहीत. हस्तलिखित छपाईला जाऊन परत येईपर्यंत ते शिळे झाले असते. शस्त्र नियमांचा मजकूर परिशिष्टात आहे, पण नियम बदलतात. जिल्हा दंडाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र शाखेत एकदा विचारून घ्यावं, आणि जाताना परवान्याचं मूळ पुस्तक बरोबर न्यावं. छायाप्रतीवर तिथे कुणी बोलत नाही.

रायपूर